आबांची वीत

आमच्या आबांचे कान चुकून दिसले की पोरं रडायची. आबा म्हणजे माझे सासरे. एकेकाळी आख्ख्या पवनमावळात पैलवान म्हणून नाव काढलेलं आणि कान म्हणजे दोन सुकी अंजिरं. कुस्ती खेळून खेळून पैलवानाचे कान मोडतात, त्यांच्या गाठी होतात, आणि मग तो ते कान उघडे टाकून जत्रेतून मिरवत फिरतो. आबांनी ते कधी मिरवले नाहीत. त्यांनी ते लोकरीच्या टोपीत झाकून ठेवले होते. आणि ती टोपी त्यांनी स्वतः विणलेली असायची.

लग्न जमवताना आमच्या लोणावळ्याच्या घरी हे कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा तळेगावात कंपनीत आहे, गाव बेडशाकडे आहे, थोडं भात आहे, सासरे पैलवान आहेत, एवढंच कळलं होतं. मी मनात म्हटलं, पैलवान म्हणजे घरात दूधदुभतं असेल आणि आवाज मोठा असेल. नवी नवरी म्हणून उंबरठा ओलांडताना तिरक्या नजरेनं बघितलं, तर ओटीवर हा थोरला मनुष्य मांडी घालून बसलेला, हातात छत्रीच्या चार काड्या, आणि त्या काड्यांना लटकलेलं काहीतरी पोपटी. मला वाटलं, सासरे छत्री दुरुस्त करतायत. नणंद कानात म्हणाली, "वहिनी, तो मोजा आहे. तुमच्या नवऱ्याचा."

छत्रीच्या काड्यांचं खरंच होतं. दुकानातल्या सुया आबांच्या हातात टिकायच्या नाहीत, वाकायच्या. एवढ्या जाड बोटांना ती नाजूक कांडी सापडायचीसुद्धा नाही. म्हणून त्यांनी छत्रीची काडी काढली. लोणावळ्याला शनिवार-रविवारी मुंबईची माणसं पॉइंटवर जायची, तिथला वारा त्यांच्या छत्र्या उलट्या करून ठेवायचा, आणि ती माणसं त्या तिथंच टाकून भजी खायला निघून जायची. सोमवारी सकाळी आबा पिशवी घेऊन हजर. घरी आणून काड्या सोडवायच्या, पायरीच्या दगडावर टोकं घासायची, खोबरेल तेल लावून पुसायच्या. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मुंबईवाल्यांनी पाटवल्यात."

हे विणकाम त्यांच्या हाती लागलं कसं, ते सासूबाईंच्या तोंडून ऐकावं. सासूबाईंना हे काम लहानपणी लोणावळ्यातल्या एका बंगल्यात, त्यांची आई कामाला होती तिथल्या पारशी बाईनं शिकवलेलं. आबांचा पाय एका मैदानात मोडला. प्लॅस्टर घालून पावसाळाभर पडून राहावं लागलं. म्हणजे बघा, तालमीत जोर मारणारा माणूस खाटेवर, बाहेर झड लागलेली, आणि घरात एक सासूबाई. दिवसभर तोंड चालू. चहा गार का, म्हैस ओरडते का, कौल गळतं का. सासूबाई वैतागल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातातला अर्धा स्वेटर त्यांच्या पोटावर टाकला. "हात मोकळा राहिला की तोंड चालतं मानसाचं. घ्या, ह्ये करा."

आबांनी केलं. पाय बरा होईपर्यंत ते बायकोच्या पुढे गेले. सासूबाईंनी त्यानंतर सुई हातात धरली नाही. "घरात येक पैलवान पुरे," म्हणायच्या.

आबांच्या विणकामाचे कायदे होते. आणि ते कायदे म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पहिला कायदा, विणायचं ते फक्त घरच्यांसाठी. एकदा पॉइंटवर कुणा पाहुण्याला त्यांच्या डोक्यावरची टोपी आवडली, केवढ्याला देता म्हणून मागे लागला. आबा म्हणाले, "इकायला मी काय चिक्कीवाला हाय व्हय?" आणि चालू लागले. दुसरा कायदा, टोपीला कान पाहिजेतच. लहान असो, थोर असो, दोन्ही बाजूंनी झुलणारे कान आणि हनुवटीखाली बांधायला नाडी. "कानात वारं शिरलं की मानूस निम्मा गेला," हे त्यांचं वैद्यक. तिसरा कायदा रंगाचा. प्रत्येकाला एक रंग नेमून दिलेला, आणि तोसुद्धा डोळ्यांत खुपणारा. माझ्या नवऱ्याला पोपटी, नणंदेला गुलाबी, सासूबाईंना शेंदरी. पावसाळ्यात आमच्याकडे धुकं उतरलं की समोरची म्हैस दिसत नाही. "धुक्यात माजं मानूस मला लांबनं वळखू आलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरची मंडळी बाजाराला निघाली की लग्नाचा मांडव चालल्यासारखा दिसायचा.

मोज्यांचा मामला आणखी न्यारा. आबांचे मोजे अंगठा वेगळा असलेले, म्हणजे चपलेत बसतील असे. माप पायाचं घ्यायचंच नाही. मूठ वळायची, मोज्याचा तळवा त्या मुठीभोवती गुंडाळायचा, टाच आणि बोटं एकमेकांना टेकली की मोजा बरोबर. खोटं वाटत असेल तर स्वतःच्या मुठीवर करून बघा. मी लॅबमध्ये काम करणारी बाई, मला कशाचीही तपासणी केल्याशिवाय चैन पडत नाही. मी सगळ्या घराच्या मुठी आणि पाय ताडून बघितलेत.

चौथा कायदा डोक्याच्या मापाचा, आणि माझं सगळं घोडं तिथंच अडलं.

आबा टेप वापरत नसत. "टेपला काय डोस्कं असतंय?" असं म्हणत. ते वितीनं मोजायचे. अंगठा एका कानावर, करंगळी डोक्यावरून पलीकडे जाईल तिथवर, मग कपाळापासून मानेपर्यंत. क्षणभर डोळे मिटायचे, पुटपुटायचे, झालं. लिहिणं नाही, काही नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सगळ्यांना उटणं लागलं, डोकी धुऊन झाली की अंगणात आबांचा दरबार भरायचा. पाटावर आबा, आणि त्यांच्यापुढे एकेक ओलं डोकं येऊन वाकायचं. मुलगा, मुलगी, पुतणे, नातवंडं. "तुजं वाडलंय रं, पन अक्कल तेवडीच हाय," असा शेरा मारून पुढचं डोकं. ज्याचं माप घेतलं तो त्या घरचा, असा सगळा थाट होता. नणंद सासरहून खास त्यासाठी यायची. फराळ नसला तरी चालेल, पण माप चुकवायची नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. डोक्यावर पदर.

आता हे शहरातल्या वाचकाला सांगायला हवं. सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरून पदर घ्यायचा, हे आमच्याकडे होतं आणि काही घरांतून अजून आहे. सासऱ्यानं सुनेच्या डोक्याला हात लावणं तर सोडाच, ती पाया पडली तरी ते हात वरच्या वर धरायचे आणि आशीर्वाद द्यायचे. त्यात वाईटपणा नव्हता, उलट फार मान होता. पण मानानं कान गरम राहत नाहीत हो. मी काही गरीब गाय नव्हे. लोणावळ्याच्या शाळेत मी कबड्डी खेळलेली, रक्त तपासणीचा कोर्स केलेला, स्कूटर चालवलेली. आणि इथं दाराआड उभी राहून दुसऱ्यांची डोकी मोजलेली बघत होते.

मग माझ्या टोपीचं काय? आबा सासूबाईंना विचारायचे, "हिचं केवडं असंल?" सासूबाई म्हणायच्या, "असंल माज्यावानी." मी म्हटलं, आई, तुम्ही मोजून सांगा ना. तर आबांनी तिथल्या तिथं मोडीत काढलं. "तुमच्या सासूची वीत कोंबडीची. तिच्या मापानं माजी वीण चुकती." झालं. मग ते आपले लांबून अंदाज घ्यायचे. मी चुलीपाशी असताना, पदर घेतलेला, पदराखाली अंबाडा, आणि त्या सगळ्या डोंगराचा ते अंदाज घ्यायचे.

पहिल्या वर्षी टोपी आली ती नाकापर्यंत. हळदीसारखी पिवळी धम्मक. मी घालून बाहेर आले तर नणंदेचं पोर पोट धरून हसलं. दुसऱ्या वर्षी थोडी लहान, भुवयांपर्यंत. तिसऱ्या वर्षी मी केस थोडे कापले होते पण पदर होताच, त्यामुळे पुन्हा नाक. मोजे मात्र कसे, हातावर मेंदी बसावी तसे बसायचे. कारण मोज्यासाठी मी दाराआडून बांगड्यांचा हात बाहेर काढून मूठ दाखवायची आणि आबा लांबूनच म्हणायचे, "कळलं." माझी मूठ त्या घरात मोजली गेली होती. डोकं नव्हतं.

थंडी पडली की आमच्याकडे दही लागत नाही. एक दिवस मी त्या पिवळ्या टोपीचा उपयोग केला. रात्री विरजण लावलं की गडूवर टोपी चढवायची, नाडी बांधून टाकायची. सकाळी दही असं घट्ट, की सुरीनं कापावं. मी कुणाला बोलले नाही. पण एका सकाळी आबा पाणी प्यायला आत आले आणि त्यांना फडताळात आपली टोपी घातलेला गडू दिसला, कान सोडून बसलेला. मी चुलीकडे तोंड करून उभी. आता आबा गडगडणार, असं वाटलं. त्यांनी गडूकडे बघितलं, पाणी प्यायले, गेले.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी मला दोन टोप्या आणून दिल्या. दोन्ही पिवळ्या. एक माझी, पुन्हा नाकापर्यंत. दुसरी छोटी, ती गडूची. ती गडूला अशी बसली की तसूभर फट नाही. काठापाशी घट्ट, पोटाशी सैल, आणि कानसुद्धा होते तिला. मी हसले आधी. पोटभर हसले. मग भांडी घासताना मला एकदम रडू आलं, ते का आलं ते सांगायला नकोच. या घरात गडूचं माप घेता येतं, माझं येत नाही.

मी नवऱ्याला सांगितलं. आमचे हे म्हणाले, "अगं, टोपीवरून काय रडतेस?" पुरुषांना टोपी दिसते.

आबांची मैदानातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. गावच्या जत्रेत कुस्त्यांचा पंच म्हणून आबा बसायचे, आणि तिथंही हातात मोजा. एका वर्षी बाहेरगावचा एक तालेवार पोरगा अंगाला माती लावून उभा होता, त्यानं आबांना टोमणा मारला. "आबा, बांगड्या पन भरायच्या की मग." मैदानातली शे-दोनशे माणसं हसली. आबांनी मोजा खाली ठेवला, त्याला जवळ बोलावलं, त्याच्या हातात काडी दिली आणि त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. "बस. येक टाका घाल. घातल्याबिगर हात सुटला तर मी ह्ये सोडलं." पोरानं आधी हसत हात ओढला. मग जोरानं ओढला. मग दोन पाय रोवून ओढला. हात काही हलेना. शेवटी घाम पुसत त्यानं तो एक टाका घातला, आबांच्या बोटांनी. आबा म्हणाले, "बगितलंस, किती सोपं हाय ते?" आणि त्याची कुस्ती पुकारली. तो पोरगा पुढं दरवर्षी आला की आधी आबांच्या पाया पडायचा.

त्याच जत्रेत कुणी मोठे पाहुणे आले होते, जुन्या पैलवानांना फेटे बांधायचे होते. आबा टोपी काढायला तयार होईनात. चारचौघांत उघड्या डोक्यानं बसायचं म्हणजे त्यांच्या लेखी धोतर सोडण्यासारखं. "बांदायचा तर वरनं बांदा." बांधला. भिंतीवर तो फोटो आहे, आबांचं डोकं उतरंडीएवढं दिसतंय आणि खालून निळ्या लोकरीचे दोन कान लोंबतायत.

त्यांच्या स्वतःच्या टोपीचं माप ते कसं घेत, हेही ऐका. स्वतःच्या डोक्यावर स्वतःची वीत नीट पडत नाही. म्हणून ते गुडघ्यावर बसवून बघायचे. "माजं डोस्कं आन माजा गुडघा येकाच मापाचं." सासूबाई आतून म्हणायच्या, "ते आमाला लगीन झाल्यापासनं ठावं हाय. अक्कल तितंच हाय म्हनून."

तर अशी माझी सहा-सात वर्षं गेली. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. आणि एका दिवशी सोमाटण्याजवळच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. तिथल्या लॅबमध्ये जागा होती, मी गुपचूप अर्ज केला होता, मुलाखतही माहेरी जाते म्हणून देऊन आले होते. सोमवारपासून या, म्हणाले. पण सकाळी सातला हजर पाहिजे, कारण उपाशीपोटीची रक्तं लवकर घ्यावी लागतात. म्हणजे घरून पहाटे निघायचं. एवढ्या सकाळी आमच्याकडून एसटी नाही. ह्यांच्या कंपनीच्या बसची वेळ वेगळी. राहिली स्कूटर. माझ्या वडिलांनी दिलेली, पडवीत पोत्याखाली झाकून ठेवलेली.

संध्याकाळी मी ओटीवर सगळ्यांसमोर विषय काढला. आबा नेहमीसारखे मांडी घालून मोजा विणत होते. मी दाराच्या चौकटीत, पदर घेऊन. हे खुर्चीवर. सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

सासूबाईंना नोकरीचं वावडं नव्हतं. त्यांची अडचण दुसरी. "गाडीवर जानार म्हंजी ड्रेस घालनार. डोक्यावर ते हेल्मेट. मग पदर कुटं? सकाळी समदं गाव पान्याला, दुधाला भायेर असतंय. पैलवानाची सून उघड्या डोक्यानं येशीतनं गेली म्हनत्याल."

मी म्हटलं, "आई, हेल्मेट म्हणजे डोकं झाकलेलंच की. पदरापेक्षा जास्त झाकतं."

"झाकतंय गं. पन पदर न्हवं ना त्यो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी आढ्याकडे बघितलं. "आई म्हणते तेही बरोबर आहे," एवढंच बोलले. एवढी शिकले, एवढा अर्ज केला, मुलाखत दिली, आणि सगळं शेवटी त्या वीतभर पदराशी येऊन थांबलं. सोमवारी नाही गेले तर जागा दुसऱ्याला जाणार होती. मी उलट बोलणार होते, आणि बोलले असते तर ते तोडून बोलले असते.

तेवढ्यात काड्यांचा आवाज थांबला.

आबांच्या काड्या दिवसभर टिकटिक वाजत असायच्या, त्या थांबल्या की घरातलं कुत्रंसुद्धा मान वर करायचं. आबांनी माझ्याकडे नाही, स्कूटरच्या पोत्याकडे बघितलं.

"त्या हेल्मेटात टोपी बसती का?"

मी म्हटलं, "घट्ट असली तर बसते, आबा. माझी नाही बसत. आत फिरते, डोळ्यांवर येते."

"येनारच. मापच न्हाई तिचं." मग त्यांनी मोजा मांडीवरून खाली ठेवला. "हितं ये. बस. पदर काढ."

सासूबाईंच्या हातातलं सूप तिरकं झालं. "आवो, सून हाय ती."

"मला ठावं हाय. शेजारीन म्हनलो का मी?"

"माप मी घेते की."

"तुजी वीत कोंबडीची."

मी पुढं जाऊन त्यांच्यासमोर बसले. पदर मागं टाकला, अंबाडा सोडून वेणी पाठीवर घेतली. इतक्या वर्षांत त्या ओटीवर माझ्या केसांना वारं लागलं नव्हतं. आबांनी हात पुढं केला, जरा थबकले, धोतराला पुसला, आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

काय सांगू. जड हात. लोकरीनं गरम झालेला, तळव्याला छत्रीच्या काड्यांचे घट्टे. अंगठा एका कानावर टेकला, करंगळी पार पलीकडच्या कानापर्यंत पोचली. मग कपाळापासून मानेपर्यंत. त्यांनी डोळे मिटले, पुटपुटले. माझ्या वडिलांनी पाठवणीच्या वेळी ठेवला होता हात, त्यानंतर कुण्या थोराचा हात माझ्या डोक्यावर पडला तो हाच.

"आयला," आबा म्हणाले, "केवडंसं डोस्कं हाय. आन मी इतकी वर्सं घमेल्याचं माप धरून बसलोय."

मला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. आबांनी मोजा बाजूला सारला, पिवळ्या लोकरीचा गुंडा ओढला आणि काड्यांवर टाके घालायला घेतले. मान वर न करता म्हणाले, "हायवेला सकाळचं लय गार असतंय. कानात वारं जाया नगं. आयतवारपत्तूर व्हईल."

बस. सोमवारी मी जाणार हे अशा रीतीनं ठरलं. नोकरीबद्दल आबा एक शब्द बोलले नाहीत, पदराबद्दलही ‘काढ’ याच्यापुढे नाही. सासूबाई खाली सांडलेले तांदूळ वेचत राहिल्या. बराच वेळ वेचत राहिल्या. मग म्हणाल्या, "कानापाशी जरा घट्टच धरा. सैल पडतंय तुमचं तितं."

रविवारी टोपी तयार. सोमवारी पहाटे मी ड्रेस घालून, टोपी चढवून, वर हेल्मेट घालून निघाले. आत टोपी तसूभर हलली नाही. सासूबाईंनी डबा डिकीत ठेवला आणि शेजारीण दारात येऊन बघायला लागली तेव्हा तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या पैलवानानं माप घेऊन केलीया टोपी." त्यानंतर गावात कुणी काही म्हणालं असेल, तर ते आमच्या दारापर्यंत आलं नाही.

दुपारी परत येताना मी वेशीपाशी हेल्मेट काढून हँडलला अडकवायची आणि टोपी तशीच डोक्यावर ठेवून गावात शिरायची. मुद्दाम. पावसाळ्यात धुकं असलं की पाराजवळच्या दगडावर आबा काड्या घासत बसलेले असायचे. काड्या घरच्या पायरीवरही घासता आल्या असत्या, पण ते तिथं बसायचे. धुक्यातून माझा पिवळा रंग दिसला की उठायचे, पिशवी गोळा करायचे आणि माझ्या आधी घराकडे चालायला लागायचे. लॅबमधल्या मुली विचारायच्या, ही टोपी कुठून घेतलीस. मी म्हणायची, ही विकत मिळत नाही, हिला आधी डोकं द्यावं लागतं. आणि असं म्हणताना माझी मान किती ताठ व्हायची, ते माझं मला कळायचं.

त्या दिवाळीला अंगणातल्या पाटासमोर मीही जाऊन वाकले, नणंदेच्या पाठोपाठ, ओल्या केसांनी. "तुजं तेवडंच हाय. आता वाडायचं न्हाई," आबा म्हणाले, आणि पुढच्याला हाक मारली. सासूबाईंनी त्या दिवसानंतर पदराचं नाव काढलं नाही. मी कधी घेते, कधी नाही.

विणायला मला आबांनीच शिकवलं, सुट्टीच्या दिवशी. माझी वीण त्यांना कधी पसंत पडली नाही. "बरी हाय. गडूला चालंल," एवढीच त्यांची शाबासकी.

गेल्या हिवाळ्याची गोष्ट. आबा आता वाळलेत. नजर अंधूक झाली म्हणून काड्या कमी धरतात. त्यांनी स्वतःसाठी निळी टोपी विणायला घेतली, नेहमीसारखी गुडघ्यावर बसवून बघितली, पुरी केली आणि घातली, तर ती नाकापर्यंत आली. आम्ही सगळे बघत राहिलो. आबा टोपी वर सरकवायचे, ती पुन्हा खाली. मग माझ्या लक्षात आलं. मोडलेल्या पायाचा तो गुडघा सुजून मोठा झाला होता, आणि डोकं लहान झालं होतं. दोघांचं माप आता एक राहिलं नव्हतं.

आबा टोपी दोन्ही हातांनी धरून ओटीवर बसून राहिले. सकाळचं ऊन पायरीवर आलं होतं.

मी आतून काड्या आणि निळी लोकर घेऊन आले आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आबा, टोपी काढा. माप घ्यायचंय."

त्यांनी दाराकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. फेटा बांधायला आलेल्या पाहुण्यांपुढे टोपी न काढलेला माणूस तो. "तुजी वीत ल्हान हाय," म्हणाले.

"असू दे. दोनदा टेकवीन."

आबांनी टोपी काढली. पांढरे विरळ केस, आणि दोन्ही बाजूंना ते मोडलेले कान. इतक्या वर्षांत ते मी एवढ्या जवळून पहिल्यांदा बघत होते. मी माझा हात ओढणीला पुसला आणि त्यांच्या डोक्यावर ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"लय बारीक झालंय का गं?" त्यांनी विचारलं.

"छे हो, आबा. घमेल्याएवढं आहे."

ते हसले. आतून, चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंचा आवाज आला. "कानापाशी जरा घट्टच धर गं त्यांचं."

मी पहिला टाका घातला.